पस्तावशील!

मराठी घरांत 'पस्तावणे' हे क्रियापद बहुधा भविष्यकाळातच भेटतं, तेही दुसऱ्याच्या नावावर. 'आत्ता ऐक, नाहीतर पस्तावशील!' दहावीनंतर कला शाखेचा अर्ज भरणारं पोर असो की भाव उतरलेले असताना सोनं न घेणारा नवरा, दोघांनाही तीच धमकी. स्वतःवर पाळी आली, की 'मी पस्तावलो' म्हणायला जीभ रेटत नाही. मग 'जरा चुटपुट लागली' एवढ्यावर भागवतात.

हा शब्द म्हणजे प्राकृताच्या वाटेनं घरात आलेला संस्कृत 'पश्चात्ताप'. पश्चात् म्हणजे मागून, ताप म्हणजे होरपळ. वाटेत 'श्च'चा 'च्छ' झाला. हिंदीनं तो 'पछताना'त सांभाळला, आपण मात्र छ दिसला की स करतो: मछलीची मासळी, छुरीची सुरी, पूछनाचं पुसणे. मूळ शब्दातला जोड-त लिहिताना लोक हमखास गिळतात आणि 'पश्चाताप' करून मोकळे होतात. मुद्रितशोधकांना तेवढाच कायमचा ताप.

'अनुताप'ही त्याच घडणीचा. अनु म्हणजेही मागून. तो पाहावा एकनाथी भागवताच्या २६व्या अध्यायात. उर्वशी सोडून निघाली तेव्हा पुरुरवा अंगावर वस्त्र नाही याचंही भान न ठेवता रडत तिच्यामागे धावला. चक्रवर्ती राजा! पुढे शुद्धीवर आल्यावर तो उर्वशीला बोल लावत नाही. दोरीला साप समजून कोणी घाबरला, तर त्यात दोरीनं काय बिघडवलं, असा त्याचा सवाल आहे. माझ्या मते पस्ताव्याची खूण हीच: बोट दाखवायला दुसरं कोणी उरत नाही.

फारसीतून आलेल्या 'दिलगीर'चं नशीब वेगळं. त्यातला 'गीर' जहांगीरमधलाच, पकडणारा. त्यानं जग धरलं, इथे काळीज धरलं जातं. मुळात केवढी कळ होती शब्दात! पण कचेऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांच्या चौकटींनी तो इतका झिजवला, की आता 'दिलगिरी व्यक्त' करताना कोणाच्या काळजाला काही होत नाही. लोकल रखडली की फलाटावरची घोषणाही दिलगीर असते. तिथे कोणी 'गैरसोयीबद्दल आम्ही पस्तावलो आहोत' म्हणालं, तर प्रवासी आधी हसतील आणि मग घाबरून रिक्षा शोधायला लागतील.