सुरक्षिततेची किंमत कोणी मोजावी?

३१ मे २००९ रोजी मेलबर्न शहरात हजारो भारतीय विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला आणि त्यांतील अनेकांनी फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोरच्या चौकात रात्रभर ठिय्या दिला. आपल्यावर वारंवार होणारे हल्ले थांबावेत, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे सात महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, पंजाबमधील एकवीस वर्षांचा एक तरुण त्याच शहराच्या उपनगरात भोसकला जाऊन मरण पावला. हे हल्ले वंशद्वेषातून होतात की केवळ लुटीसाठी, यावर दोन्ही देशांत मोठा वाद झाला. तो वाद अनाठायी होता असे नाही. परंतु त्या गदारोळात एक अधिक साधा प्रश्न मागे पडला. हा तरुण रात्री दहाच्या सुमारास निर्जन वाटेने कोठे निघाला होता? तो उपाहारगृहातील रात्रपाळीवर निघाला होता.

ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय गुन्हेशास्त्र संस्थेने २००५ ते २००९ या काळातील नोंदी तपासून २०११ मध्ये अहवाल दिला. भारतीय विद्यार्थ्यांना मारहाण होण्याचे प्रमाण तेथील सर्वसामान्यांइतकेच किंवा त्याहून कमी होते. मोठ्या राज्यांत लुटले जाण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. वंशद्वेषाचा भाग किती, याचा निर्वाळा त्या आकड्यांतून मिळत नव्हता. परंतु रात्रीची कामे आणि अवेळीचा रेल्वेप्रवास यांचा या धोक्याशी असलेला संबंध अहवालाने दाखवून दिला.

ही रात्रपाळी हौसेची नव्हती. पाककला, केशकर्तन यांसारख्या अभ्यासक्रमांना कायमच्या वास्तव्याची आशा जोडली गेली होती. त्या आशेवर घरच्यांनी कर्ज काढले, दलालांनी आपली दलाली घेतली आणि परकीय तिजोरीत शुल्क जमा झाले. मुलाच्या वाट्याला उरली ती दूरच्या उपनगरातील स्वस्त खोली आणि मिळेल ते काम. त्या वेळी सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करण्याची मुभा होती. तेवढ्यावर न भागल्याने अधिक काम केले, तर व्हिसा रद्द होण्याची टांगती तलवार! अशा विद्यार्थ्याने मालकाविरुद्ध तक्रार तरी कशी करावी? एका मोठ्या दुकानसाखळीतील मालक याच भीतीचा लाभ घेऊन विद्यार्थ्यांना निम्म्या वेतनावर राबवीत होते, हे २०१५ मध्ये उघडकीस आले.

२००९ मध्ये पोलिसांनी दिलेला उपदेश मात्र निराळाच होता: गाडीत आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, मौल्यवान वस्तू दिसू देऊ नका. सावधगिरी वाईट नव्हे. परंतु ज्याला रात्री एक वाजता घरी परतणे भाग आहे, त्याला अंधार टाळण्याचा सल्ला देणे म्हणजे राज्यकर्त्यांनी आपली जबाबदारी त्याच्याच खांद्यावर टाकणे होय.

ही जबाबदारी पेलता येते, हेही ऑस्ट्रेलियानेच पुढे दाखविले. खासगी संस्थांतील परदेशी विद्यार्थ्यांसाठी २०११ मध्ये तक्रारनिवारक नेमला गेला. २०१२ मध्ये बुडणाऱ्या संस्थांपासून शुल्काला संरक्षण मिळाले. आणि पिळवणुकीची तक्रार करणाऱ्याचा व्हिसा त्या कारणाने रद्द होऊ नये, अशी सशर्त तरतूद २०२४ मध्ये झाली. मोर्चापासून या तरतुदीपर्यंत पंधरा वर्षे गेली. विद्यार्थी पाठविताना आपल्या शासनाने अशी हमी प्रत्येक देशाकडून आधीच मागितली पाहिजे.

अर्थात, मागणाऱ्याचे स्वतःचे अंगणही स्वच्छ हवे. २०१६ मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीवर आणि २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. तेव्हा परकी होती ती त्यांची मुले, आणि यजमान आपण होतो.

पालकांसाठीही यात बोध आहे. मुलाला परदेशी धाडताना शिक्षक आणि कारकून कुटुंबे शुल्काचा आणि तिकिटाचा हिशेब चोख करतात. त्या हिशेबात पहिल्या वर्षाचा राहण्याचा खर्चही धरला पाहिजे. तो रात्रपाळीतून निघेल असे गृहीत धरले, तर कमी पडलेल्या रकमेची भरपाई आपण मुलाच्या सुरक्षिततेतून करीत आहोत, हे ओळखलेले बरे.