परळीची वीज आणि बीडचा उन्हाळा

मराठवाड्यात वीज कोठे तयार होते, असे बीड जिल्ह्यातील शाळकरी मुलाला विचारले तर तो अभिमानाने परळी वैजनाथचे नाव सांगेल. एप्रिल-मे महिन्यांत रात्रीचा अभ्यास कसा होतो, असे त्याच मुलाला विचारले तर तो गावाबाहेरच्या डीपीकडे बोट दाखवील. १९७१ साली परळीला तीस मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. पुढे १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले आणि एकविसाव्या शतकात २५० मेगावॉटच्या संचांची भर पडली. ही वीज राज्याच्या जाळ्यात जाते. ती बीडसाठी राखून ठेवलेली नव्हती आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. तथापि ज्या जिल्ह्याने अर्धे शतक परळीच्या चिमण्यांचा धूर आणि राख सोसली, त्या जिल्ह्यातील खेड्यांत ऐन उन्हाळ्यात पंखा थांबावा, ही गोष्ट केवळ दैवाची म्हणून सोडून देता येणार नाही.

या परिस्थितीची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. ऊन वाढले आणि माणसे वाढली. दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु खऱ्या कारणाचाही निमित्त म्हणून उपयोग करता येतो आणि येथे बऱ्याच अंशी तसेच झाले आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॉटपर्यंत, म्हणजे अडीच लाख मेगावॉटपर्यंत गेली आणि देशाच्या वीजयंत्रणेने ती भागवली. मोठ्या वाहिन्यांतून एवढी वीज वाहू शकत असेल, तर वडवणी किंवा शिरूर कासार तालुक्यातील वस्तीवर काळोख का होतो? याचे उत्तर असे की, आज प्रश्न केवळ विजेच्या तुटवड्याचा राहिलेला नाही. उपकेंद्रापासून घरापर्यंतची वाट अपुरी आहे आणि उन्हाळा नेमका त्या वाटेवर घाला घालतो.

लोकसंख्येचा हिशेब

१९६१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. २०११ साली ती २५ लाख ८५ हजारांवर गेली. पन्नास वर्षांत अडीचपट झालेली ही वाढ एका रात्रीत झालेली नाही. दर दहा वर्षांनी ती मोजली गेली, छापली गेली आणि प्रत्येक कचेरीच्या कपाटात जाऊन बसली. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही हे खरे. पण मतदारयाद्या, शाळांचे हजेरीपट आणि शिधापत्रिका होत्याच. अगोदर ठाऊक असलेल्या वाढीला अनपेक्षित संकट म्हणता येत नाही.

शिवाय नुसती डोकी मोजून विजेचा अंदाज येत नाही. मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असे. जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, यामुळे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत सांज होई. त्या घरांची जागा आता पत्र्याने आणि सिमेंटच्या स्लॅबने घेतली आहे. माळवदाची दरवर्षीची डागडुजी, गळती आणि साप-विंचवांची भीती ज्यांनी भोगली, त्यांनी स्लॅब पसंत केला यात नवल नाही. परंतु पत्रा दुपारी भाजतो आणि स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्री बारापर्यंत खोलीत सोडत राहतो. पूर्वी ज्या घराला दोन दिवे पुरत, त्याच घराला आज दोन पंखे, एक कूलर आणि फ्रिज लागतो. तालुक्याच्या गावी वातानुकूलन यंत्रेही येऊ लागली आहेत आणि असे एक यंत्र आठ-दहा कूलरांइतकी वीज घेते. माणसे अडीचपट झाली. विजेची गरज त्याहून कितीतरी अधिक पटींनी वाढली.

या जिल्ह्याचे आणखी एक वैशिष्ट्य नियोजनाच्या कागदावर सहसा उमटत नाही. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ती परततात. म्हणजे जे गाव हिवाळ्यात अर्धे रिकामे असते, ते ऐन उन्हाळ्यात भरून जाते. जानेवारीत त्या गावच्या डीपीवरचा भार मोजला तर ती पुरेशी आहे असेच दिसेल. मे महिन्यात तीच डीपी जळेल आणि कारण म्हणून ‘अचानक वाढलेला भार’ असे लिहिले जाईल. वस्तुतः तो भार अचानक वाढलेला नसतो. सहा महिने परमुलुखात राबून आपल्या घरी परतलेल्या माणसांचा तो भार असतो.

उष्णतेचा चौफेर मार

उन्हाळ्यात विजेचा वापर वाढतो, एवढेच सर्वसाधारणपणे लक्षात घेतले जाते. उष्णता वीजयंत्रणेचे बळही त्याच वेळी कमी करते, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. तार तापली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो. तापमान दहा अंशांनी चढले तर तो सुमारे चार टक्क्यांनी अधिक होतो आणि वाटेतच उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज त्याच प्रमाणात वाढते. तापलेली तार लांबते व खाली झोळते. मग वावटळीत दोन तारा एकमेकींना लागतात किंवा बाभळीच्या फांदीला टेकतात. औष्णिक केंद्रात वाफ थंड करणारे पाणीच कोमट असले की संचाची कार्यक्षमता घटते. उन्हावर चालणाऱ्या सौर तावदानांचेही तसेच आहे. प्रकाश त्यांना हवा असतो, उष्णता मानवत नाही. तावदान जितके तापते तितके त्याचे उत्पादन थोडे थोडे कमी होते.

सर्वांत मोठा आघात होतो तो रोहित्रावर, म्हणजेच डीपीवर. तिच्या आतील वेटोळ्यांवरचे आवरण तेलात बुडालेले असते आणि तेल थंड होते ते बाहेरच्या हवेने. हवाच त्रेचाळीस अंशांची असेल तर तेलाने उष्णता कोठे टाकावी? ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेटोळे दर सहा अंश अधिक तापले की आवरणाचे आयुष्य झिजण्याचा वेग दुप्पट होतो, असे विद्युत् अभियांत्रिकीचे गणित आहे. पूर्वी डीपीला रात्री विसावा मिळे. हवा निवत असे आणि भारही उतरत असे. आता रात्री उकाडा असतो आणि घरोघरचे कूलर चालू असतात. माणसाला झोप नाही तशी डीपीलाही नाही.

यात माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांची भर पडते. शेतीपंपांना बसवलेले ऑटोस्विच हे त्याचे ठळक उदाहरण. वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून ते बसवले जातात. अवेळी मिळणाऱ्या विजेसाठी रात्री साप-काट्यातून शेतावर जाणाऱ्या शेतकऱ्याची ती सोय आहे आणि त्या सोयीमागची त्याची अडचण खरी आहे. पण विजेचा मोटार-पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युत्‌प्रवाह ओढतो. खंडित झालेली वीज परत येताच एका डीपीवरचे वीस-पंचवीस पंप एकाच क्षणी असे सुरू झाले की काय होणार हे सांगावयास नको. आकडे टाकून घेतलेली वीज, एकाच फेजवर जोडलेली निम्मी घरे आणि तेलाची पातळी कित्येक दिवस न पाहिलेली डीपी, हे सारे या साखळीचेच दुवे आहेत.

पाणी आणि वीज

बीड जिल्ह्यात विजेचा प्रश्न पाण्यापासून वेगळा काढता येत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे केंद्र पूर्णपणे बंद करावे लागले. त्या वेळी केंद्राची क्षमता ११३० मेगावॉट होती. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते. गोदावरीवरील खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी पुन्हा तीच पाळी आली. हे केवळ मागासलेल्या मुलखाचे दुखणे आहे असे समजण्याचे कारण नाही. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्ससारख्या प्रगत देशात नद्या इतक्या तापल्या व आटल्या की काही अणुवीज केंद्रांना उत्पादन कमी करावे लागले. त्या उष्म्यात तेथे सुमारे पंधरा हजार माणसे अधिक दगावली. निसर्गापुढे श्रीमंत देशाचीही यंत्रणा वाकते. फरक एवढाच की अनुभवातून शहाणे होण्याची तयारी असावी लागते.

उलट बाजूने पाहावे तर विजेवाचून पाणीही नाही. बीड शहराचे पाणी माजलगाव धरणातून पंपांनी उचलून आणावे लागते. खेड्यांच्या नळयोजनांचा भरवसाही विहिरीवरच्या किंवा विंधनविहिरीवरच्या पंपावर असतो. वीज दोन तास गेली की उपसा थांबतो, टाकी भरत नाही आणि ठरलेल्या दिवशी यावयाचे पाणी पुढे ढकलले जाते. डीपी जळून चार दिवस गेले की बायकामुलांच्या डोक्यावर हंडे येतात. विजेच्या खंडाची किंमत मोजताना या हंड्यांचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडला जात नाही.

शिक्षा कोणाला?

महाराष्ट्राने २००५ नंतर अनेक वर्षे भारनियमन भोगले. एप्रिल २०२२ मध्ये उष्म्याची लाट आणि कोळशाची टंचाई एकत्र आली तेव्हा ते काही दिवस परत आले. अशा वेळी वीज कोणाची कापावयाची हे ठरवताना वाहिनीवरील हानी आणि वसुली पाहून गट पाडले जातात. जेथे चोरी व थकबाकी अधिक, तेथे काळोख अधिक. वरकरणी हा न्याय वाटतो. वीज कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. विकलेल्या मालाचे पैसे आले नाहीत तर ती नवी डीपी कशातून बसवणार? वायरमन कोठून नेमणार?

परंतु या न्यायात एक मोठी उणीव आहे. दर महिन्याला रांगेत उभे राहून बिल भरणारा शिक्षक आणि आकडा टाकणारा शेजारी एकाच वाहिनीवर असतात. काळोख दोघांनाही सारखाच मिळतो. किंबहुना आकडा टाकणाऱ्याचे नुकसान कमी होते, कारण त्याने पैसेच भरलेले नसतात. शिवाय वाहिनीची हानी म्हणजे सगळी चोरी नव्हे. लांबच लांब जुन्या तारा, अपुरी उपकेंद्रे आणि तापलेल्या डीपी यांतूनही वीज झिरपते आणि अशा वाहिन्या मराठवाड्याच्या विखुरलेल्या वस्त्यांतच अधिक आहेत. यंत्रणेच्या दुबळेपणाचा दोष ग्राहकाच्या खात्यावर टाकणे म्हणजे रोग्यालाच आजाराबद्दल दंड करण्यासारखे आहे. डीपीनिहाय किती वीज दिली, किती बिलात आली आणि किती तांत्रिक कारणाने गेली, हा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. मग चोर कोण आणि जुनाट तार कोणती, हे गावालाच कळेल.

उपाय हाताशी आहेत

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने २०१७ पासून शेतीला दिवसा सौर वीज देण्याचा मार्ग धरला आणि २०२३ मध्ये तिला अधिक व्यापक रूप दिले गेले. शेतावर स्वतंत्र सौरपंपही बसू लागले आहेत. ही दिशा योग्य आहे. शेतीचा भार दिवसा उरकला तर गावाच्या वाहिनीला रात्री श्वास घेता येईल आणि ऑटोस्विचची गरजही उरणार नाही. मात्र सूर्य मावळल्यावर स्लॅब तापलेलाच असतो. बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या आहेत; पण वाऱ्याचा भर पावसाळ्यात असतो. म्हणून मे महिन्यातील रात्री आठ ते बारा हाच खऱ्या कसोटीचा काळ आहे आणि दिवसाची वीज साठवून तेव्हा वापरण्याची सोय झाल्यावाचून सौरऊर्जेचे गुणगान अर्धवटच राहील.

काही उपाय तर याहून पुष्कळ स्वस्त आहेत. जुना छताचा पंखा सुमारे पंचाहत्तर वॉट घेतो. नव्या पद्धतीच्या मोटारीचा पंखा तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. शंभर घरांत दोन-दोन पंखे बदलले तर नऊ किलोवॉट वाचतात. शंभरच्या डीपीवर हा भार दहाव्या हिश्श्याच्या जवळपास आहे. नवी डीपी बसवण्यापूर्वी हे पंखे सवलतीत देणे सरकारला महाग पडणार नाही. छताला पांढरा चुना देणे ही तर जुनीच रीत. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच आखले. घरकुल योजनेतील प्रत्येक पत्र्याच्या व स्लॅबच्या घराला असे छत देण्यास महाराष्ट्राला कोणाची आडकाठी आहे?

आणि सर्वांत आधी करावयाचे काम तर अगदी साधे आहे. दरवर्षी फेब्रुवारीअखेर प्रत्येक डीपीचे तेल, भूसंपर्कन, फ्यूज व तिन्ही फेजवरील भार तपासला गेला पाहिजे. तो भार ठरवताना हिवाळ्यातील रिकाम्या गावाचा नव्हे, तर कोयते परतल्यानंतरच्या भरल्या गावाचा अंदाज धरला पाहिजे. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या तपासणीत जाणत्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली सामील करून घेता येईल. जळालेली डीपी बदलण्यासाठी गावाने वर्गणी काढून ट्रॅक्टर न्यावा लागतो, ही प्रथा तर ताबडतोब बंद झाली पाहिजे.

वाढती उष्णता बीड जिल्ह्याने निर्माण केलेली नाही आणि ती थांबवणेही त्याच्या एकट्याच्या हाती नाही. पण ती येणार हे माहीत आहे, कोणत्या महिन्यात येणार हे माहीत आहे आणि त्या महिन्यात घरी किती माणसे असतील हेही माहीत आहे. एवढे ठाऊक असताना डीपी जळण्याची वाट पाहत बसणे याला नियोजन म्हणत नाहीत. परळीने किती मेगावॉट निर्माण केले, याचे आकडे वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितले गेले. आता मे महिन्यात रात्री दहा वाजता धारूरच्या डोंगरातील एखाद्या वस्तीवर पंखा फिरत होता की नाही, याचीही नोंद ठेवण्याची वेळ आली आहे.