एनआरआरचा कॉलम डिलीट करा

गेल्या आठवड्यात एका मित्राची मेल आली. पुण्याहून ऑस्टिनला येऊन त्याला वर्ष झालंय. ऑफिसातल्या मंडळींबरोबर शूटिंग रेंजवर जायला लागलाय, आणि नोव्हेंबरात हरणांचा सीझन सुरू झाला की त्यांच्याबरोबर शिकारीलाही जाणार आहे. मेलला एक एक्सेल शीट जोडलेलं. इलेक्ट्रॉनिक इअरमफची बारा मॉडेल्स, आणि कॉलम असे: एनआरआर, माइक किती, ब्लूटूथ आहे का, बॅटरी किती तास, किंमत. खाली एकच ओळ, "यातलं कुठलं घेऊ?"

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ही जुनी खोड. काहीही घ्यायचं झालं की शीट बनवायचं आणि सॉर्ट मारायचा. पण इथे कॉलमच चुकलेत. आणि ते एकट्या त्याचेच नाही, दुकानातल्या सेल्समनपासून रेंजवरच्या काकांपर्यंत सगळ्यांचेच चुकलेत. म्हणून हे लिहायला बसलोय. जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी टेक्सासच्या हिल कंट्रीत एका मित्राबरोबर गेलो होतो. तिकडे खांबांवर उभं केलेलं लाकडी खोपटं असतं, त्याला ब्लाइंड म्हणतात. आपल्या मचाणाचा चुलतभाऊ. माझ्याकडे साधे, बिनबॅटरीचे, जाडजूड मफ होते. एनआरआर ३० च्या वर. शीटवर सॉर्ट मारून घेतले होते ना!

पहाटे दोन तास बसलो. मित्र कुजबुजत काहीतरी सांगत होता, मला ढिम्म ऐकू येईना. पाचोळा वाजला तरी कळेना. शेवटी वैतागून डावा कप कानामागे सरकवला. वीसेक मिनिटांनी हरीण आलं. मी दुर्बिणीत बघत होतो, त्याने हाताने खूण केली ती दिसलीच नाही. आणि त्याने बार काढला. पॉइंट थ्री-झीरो-एट रायफल, माझ्या डावीकडे हातभर अंतरावर, नळीचं तोंड खिडकीच्या जेमतेम बाहेर.

एकच गोळी. डाव्या कानात तेव्हापासून बारीक शिट्टी वाजतेय. सोमवारी डॉक्टरबाईंनी ग्राफ काढला, ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. वर्षभराने पुन्हा काढला, खड्डा तिथेच. कानात आतमध्ये ज्या केसपेशी असतात त्या जन्माला येताना एका कानात साधारण १५-१६ हजार मिळतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बॅकअप नाही, रिस्टोर नाही.

तर आता सांगा, माझ्या त्या ३० च्या वरच्या एनआरआरचा त्या क्षणी काय उपयोग झाला? शून्य. कारण मफ कानावर नव्हते. आणि ते कानावर नव्हते कारण ते घालून मला काही ऐकू येत नव्हतं. अख्खा मुद्दा एवढाच आहे.

आता थोडं गणित. बंदुकीचा आवाज साधारण १४० ते १७० डेसिबलच्या घरात जातो. पॉइंट टू-टू खालच्या टोकाला, मोठ्या रायफली वरच्या. क्षणिक आवाजासाठी १४० ही धोक्याची रेघ मानतात. स्फोट काही मिलिसेकंदांत संपतो, कानाचा स्वतःचा बचाव जागा होईपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. १६५ ची रायफल आणि एनआरआर २२ चं मफ घेतलं तर कागदावरसुद्धा उरतात १४३. बरं, तो २२ तरी खरा का? तो प्रयोगशाळेत, सलग आवाजावर, नीट बसवलेल्या मफवर काढलेला. अमेरिकेत पाकिटावरच छापलेलं असतं की बंदुकीसारख्या क्षणिक आवाजाला हा आकडा अचूक लागू होईलच असं नाही. वाचतो कोण? कारखान्यातल्या आवाजासाठी तिथल्या ऑशाची सावध पद्धत म्हणजे आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं धरा. २२ चे उरले साडेसात! आणि आपण २२ की २४ यावर रात्रभर रिव्ह्यू वाचतो.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. "इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे गोळी सुटली की तो आवाज कापतो." नाही हो! आवाज अडवतो तो प्लॅस्टिकचा कप, आतला फोम आणि कानाभोवती घट्ट बसलेली गादी. बॅटरी संपली तरी ते अडवत राहतात. इलेक्ट्रॉनिक्सचं काम वेगळं. बाहेरचा माइक हळू आवाज उचलतो, वाढवून आतल्या स्पीकरला देतो, आणि मोठा आवाज आला की स्पीकर साधारण ८२-८५ डेसिबलवर थांबतो. हॉवर्ड लाइटचं इम्पॅक्ट स्पोर्ट हे इथलं सगळ्यात ओळखीचं मफ, त्याचा एनआरआर २२ आहे आणि मर्यादा ८२. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स तुमचा कान वाचवत नाही. ते मफ डोक्यावर ठेवतं, आणि मफ कान वाचवतं.

आता नेहमीचे आक्षेप.

"शिकारीत दिवसाला एखादीच गोळी, तेवढ्याने काय होतंय?" माझी शिट्टी ऐकवू का?

"आमचे आजोबा कापसाचे बोळे घालायचे." आजोबांशी शेवटी शेवटी ओरडूनच बोलावं लागायचं ना? कापूस जवळजवळ काहीच अडवत नाही.

"दहा रुपयांचे फोमचे बोळे पुरतात, इलेक्ट्रॉनिक म्हणजे चैन." हा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. नीट पिळून खोल बसवलेला फोम खरंच उत्तम. पण रेंजवर "सीझफायर" ऐकू यायला हवं, मचाणात कुजबुज ऐकू यायला हवी, आणि नाही आली की माणूस बोळा काढतो. मी कप सरकवला तसाच. तीस डेसिबलचं संरक्षण सततच्या गोंगाटात अर्धा वेळ काढून ठेवलं तर सरासरी फायदा उरतो फक्त ३ डेसिबल. सर्व्हरचा अपटाइम ५० टक्के असेल तर तो किती कोअरचा आहे हे कोणी विचारतं का? बंदुकीच्या बाबतीत तर एकच मिनिट डाउनटाइम पुरतो.

खरी गंमत पुढे आहे. आत फोमचे बोळे, वर इलेक्ट्रॉनिक मफ, आणि मफचा आवाज वाढवायचा. बोलणं बोळ्यातूनही कळतं आणि बार दोन भिंतींना आपटतो. दोघांचे आकडे बेरजेला येत नाहीत, मोठ्या आकड्यात सुमारे ५ मिळवायचे. तरी मोठ्या रायफलीला, छप्पर असलेल्या रेंजवर आणि ब्लाइंडमध्ये हाच मार्ग. नळीला मझल ब्रेक लावला असेल तर विचारूच नका, तो आवाज मागे, शेजाऱ्यांच्या कानात ढकलतो.

म्हणून मित्रा, तुझे कॉलम पुसून हे टाक. एक, रायफल खांद्याला लावल्यावर कप दस्त्याला लागून उचलला जातो का? जाड कप इथेच मार खातात, नेमके बार काढताना. दोन, चष्म्याच्या काडीवर गादी बसते का? फट राहिली की आकडा गेला, मऊ जेलच्या गाद्या इथे बऱ्या. तीन, दोन्ही कानांना वेगळे माइक आहेत का? दिशा तरीही उघड्या कानासारखी कळत नाहीच, पण निदान अंदाज येतो. चार, तीन तास घालून डोकं दुखतं का? ब्लूटूथ नसलं तरी चालेल. गाणी ऐकायला जातोयस का तिकडे?

पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटेल, आपला काय संबंध? १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे हे खरं, आणि बरंच आहे ते. पण २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलला ब्राँझ आणलं, त्यानंतर ओळखीतली दोन-तीन पोरं नेमबाजीला लागलीत. दहा मीटरची एअर रायफल त्या मानाने शांत. पॉइंट टू-टू हातात आली की मात्र वरचं सगळं लागू. पोरांना शूज आणि जॅकेट घेताना आईबाप चार दुकानं फिरतात. कानासाठी पण फिरा.

आई दर रविवारी सांगलीहून फोन करते. मी तो आता उजव्या कानाला लावतो. डाव्याला लावला की 'स' आणि 'श' गळतात, "सात वाजता" म्हणाली की मी "हात काय?" विचारतो. ती हसते, तिला वाटतं लाइन खराब आहे. अजून सांगितलेलं नाही.

असो. शीट परत पाठव, बघतो.