हमालाची मान आणि पोत्याचे वजन

बाजारपेठेची उलाढाल क्विंटलांत आणि रुपयांत मोजली जाते. तो माल कोणाच्या मानेवरून वखारीत गेला, याची नोंद मात्र कोणत्याही चोपडीत नसते. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आलेला. ओझ्याखालच्या मानेचा विचार मात्र कामगार चळवळीनेही पुरेसा केलेला नाही.

मानेत सात मणके असतात. ते एकमेकांशी लहान सांध्यांनी जोडलेले आणि अस्थिबंधांनी बांधलेले असतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये तर चकतीही नसते. तेथील स्थैर्य मुख्यतः अस्थिबंधांवर अवलंबून असते. ही रचना सुमारे पाच किलोचे मस्तक पेलण्यासाठी आणि सर्व बाजूंना वळविण्यासाठी आहे. तिच्यावर ५० किलोचे पोते ठेवणे म्हणजे दहा मस्तके ठेवणे होय. एके काळी सर्रास चालणारे १०० किलोचे पोते म्हणजे वीस मस्तके! चुंबळ टाळूला वाचवते, मणक्यांना वाचवत नाही. वर्षानुवर्षांच्या भाराने चकत्या झिजतात, सांध्यांच्या कडांवर हाड वाढते, मज्जातंतू दाबले जातात. हाताला मुंग्या येतात, मूठ सैल पडते, चालताना तोल जातो. आणि ओझ्यासह पाय घसरला तर अस्थिबंध तुटून मणका सरकतो व मज्जारज्जू चिरडला जातो. बांगलादेशात १९७९ साली स्थापन झालेल्या, आता सावार येथे असलेल्या पक्षाघात पुनर्वसन केंद्रात डोक्यावरील ओझ्यासह पडून कायमचे अपंग झालेले श्रमिक मोठ्या संख्येने येत आले आहेत. याला दैव म्हणणे ही शुद्ध पळवाट आहे.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. इजा होईल इतके जड ओझे कोणाकडूनही उचलवून घेऊ नये, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमाने सांगितले होते. पण बाजाराचे आवार म्हणजे कारखाना नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्यांविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. त्या कराराला भारताने मान्यता दिलेली नाही. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सर्वसाधारणपणे दहा कामगारांची अट आहे. लहान गाळेवाल्याचा हमाल पुन्हा उंबऱ्याबाहेरच!

१९५० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांना संघटित केले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाड्यांचा लढा उभारला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळे आली, लेव्ही आली, भविष्यनिर्वाह निधी आला. हे यश ऐतिहासिकच होय. परंतु नुकसानभरपाईची कल्पना अजूनही प्रामुख्याने अपघाताभोवती फिरते. अपघाताला तारीख असते, झिजेला नसते. पंचेचाळिशीत हात लुळा पडलेल्या हमालाने कोणत्या तारखेचा, कोणत्या मालकावर दावा लावावा?

येथे एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. पोते हलके करा म्हटले की काही हमालच धास्तावतात. दर पोत्यामागे असेल आणि वजनाबरोबर तोही निम्मा झाला, तर तेवढ्याच कमाईसाठी दुप्पट खेपा पडतात. ही भीती खोटी नाही. म्हणून वजनाची मागणी दराच्या मागणीपासून तोडता कामा नये. पोते हलके व्हावे आणि वाढलेल्या खेपांचा मोबदला दरात मिळावा, या दोन्ही गोष्टी एकाच करारात यावयास हव्यात. ढकलगाडी वा सरकता पट्टा आला तर त्यावर काम करण्याचा पहिला हक्क नोंदीत हमालाचाच असला पाहिजे. यंत्र माणसाची मान वाचवण्यासाठी असावे, त्याची भाकरी काढून घेण्यासाठी नव्हे.

काही गोष्टींसाठी मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. डोक्यावर ओझे चढवताना दोघांचा हात असावा. फळ्या रुंद, कोरड्या व पक्क्या असाव्यात. थप्पीची उंची ठरलेली असावी. मुंग्या वा अशक्तपणा जाणवताच वैद्यकीय तपासणी व्हावी. सलूनमध्ये मान मोडून घेणे हा उपचार नव्हे, धोका आहे. पडलेल्या माणसाला खांद्याला धरून बसवू नये. डोके, मान व धड एका रेषेत ठेवून, अनेकांनी मिळून फळीवर घ्यावे. घाईघाईच्या मदतीनेही वाचलेला मज्जारज्जू तुटू शकतो. प्रत्येक टोळीत दोघांना तरी हे शिकवणे संघटनेला अशक्य नाही.

आठवड्याचे काम विचारणाऱ्या कार्यकर्त्याला हे काम सांगता येईल: आपल्या गावच्या बाजारात जाऊन पोत्याचे वजन करावे, फळीची रुंदी मोजावी आणि चाळिशी ओलांडलेल्या हमालाला त्याच्या हातांविषयी विचारावे. मागण्यांचा मसुदा तेथेच तयार होईल. ताठ मानेने जगण्याची भाषा चळवळीने श्रमिकाला शिकवली. ती मान शाबूत राखणे हेही तिचेच कर्तव्य आहे.