फुकट नेलं असतं तरच हीरो?

शनिवारी रात्री 'अक्रॉस द वॉटर्स' बघितला. निकोलो डोनाटोचा २०१६ सालचा डॅनिश सिनेमा. काळ ऑक्टोबर १९४३, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात. ज्यूंची धरपकड होणार ही बातमी जर्मन वकिलातीतल्याच डुकविट्झने फोडली आणि माणसं मिळेल त्या वाटेने किनाऱ्याकडे पळाली. सिनेमातलं कुटुंब गिलेलाये नावाच्या कोळ्यांच्या गावात पोचतं. पलीकडे स्वीडन. आणि नाववाले आधी भाडं ठरवतात.

सोबतचा मित्र इथेच भडकला. "हे कसले देवदूत? हे तर रिक्षावाले!" रात्री दीडपर्यंत भांडलो, उरलेलं इथे.

पैसे घेतले हे खरं आहे. माणशी सरासरी हजार क्रोनर, काहींनी तर कितीतरी जास्त उकळले. तेव्हा महिन्याचा सरासरी पगार पाचशेच्या आत होता. ज्यांनी अडवणूक केली त्यांची वकिली मी करणार नाही. पण होडी जप्त झाली तर त्या माणसाने खायचं काय? आम्ही शनिवारी ऑफिसला बोलावलं तर कॉम्प-ऑफ मागतो राव! ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी इतर डॅनिश लोकांनी वर्गणी काढली आणि भाडं भागवलं. मला तर हा हिशोबच सगळ्यात भारी वाटतो. सात हजारांवर माणसं काही आठवड्यांत पलीकडे पोचवणं हे एकट्यादुकट्या शूराचं काम नव्हे. त्यात हॉस्पिटलात लपवणारे डॉक्टर होते, ॲम्ब्युलन्सवाले होते, वर्गणी गोळा करणारे होते, आणि हो, भाडं घेणारे कोळीही.

आता गंमत बघा. डेन्मार्कच्या राजाने ज्यूंसाठी स्वतः पिवळा तारा लावला, ही गोष्ट याच मित्राने मला मागे गहिवरून फॉरवर्ड केली होती. ती चक्क खोटी आहे. डॅनिश ज्यूंवर तारा लावायची सक्ती कधी झालीच नाही, राजा लावणार कुठून? न घडलेल्या त्यागाने डोळ्यांत पाणी येतं, आणि घडलेल्या सुटकेची पावती दिसली की तोंड वाकडं!

त्याच गिलेलायेत चर्चच्या माळ्यावर सुमारे ऐंशी जण होडीची वाट बघत लपले होते. कोणीतरी खबर दिली आणि गेस्टापोने त्यांना पकडलं. भाडं घेणारा आणि खबर देणारा एकाच तागडीत टाकायचा का, एवढं मित्राने सांगावं.

हे त्याला पाठवतोय. शनिवारच्या पिझ्झ्याचे त्याचे निम्मे पैसेही अजून यायचेत, तेवढे आठवणीने मागतोय.