एक माता आणि दोन कैदाशिणी

बाईच्या हातीं राज्य गेलें कीं राज्याचें वाटोळें झालें, असें वक्त्यानें म्हणावें आणि सभागृहानें टाळ्या द्याव्या, हा प्रकार नवा नाहीं. अलीकडे एका व्याख्यानांत या सिद्धान्ताला मंगोलांचा दाखला दिलेला ऐकला. दिल्लीच्या मोगलांचा नव्हे, चेंगीझखानाच्या मूळ मंगोलांचा. ओगोताई १२४१ सालीं वारल्यावर त्याची राणी तोरेगेने हिनें आणि ग्युयुक १२४८ सालीं वारल्यावर त्याची राणी ओगुल कायमिश हिनें राज्य बुडवीत आणलें. १२५१ सालीं मंगू खान गादीवर आला तेव्हां घडी बसली. आणि असा पुत्र निपजला तो सुशील मातेच्या पोटीं, असें वक्ते म्हणाले. प्रस्तुत लेखकाला त्यांना हंसण्याची सोय नाहीं, कारण कॉलेजांत कित्येक वर्षें त्यानेंही हेंच शिकविलें आहे. म्हणूनच हा सिद्धान्त किती पोकळ आहे तें सांगण्याची जबाबदारी आमच्यावर अधिक आहे.

मातेची थोरवी आम्हांला नाकारावयाची नाहीं. सोर्घगतानी बेकी ही केरैत टोळीच्या ओंग खानाची पुतणी आणि चेंगीझखानाचा मुलगा तुलुई याची पत्नी. तुलुई १२३२ सालीं वारला तेव्हां मंगू, कुबलाई, हुलागू व अरिक बुका हे चार मुलगे तिच्या पदरीं होते. ग्युयुकशीं पुनर्विवाह करावा असें ओगोताईनें तिला सुचविलें. मुलांना वाढवावयाचें आहे, असें सांगून तिनें तें नम्रपणें टाळलें. ती नेस्तोरियन पंथाची ख्रिस्ती होती, तरी बुखाऱ्यास मदरसा बांधण्यासाठीं तिनें चांदीच्या एक हजार लगडी दिल्या. मंगू आणि कुबलाई खाकान झाले. हुलागूनें इराणांत राजवंश स्थापिला. अशी माता दुर्मिळ, हें कोणीही मान्य करील.

पण मंगूला गादी मिळाली कशी? खानपद ओगोताईच्या वंशाबाहेर जाऊं देणार नाहीं, अशी शपथ १२४६ सालीं ग्युयुकच्या राज्यारोहणाच्या वेळीं राजपुत्रांनीं घेतली होती, असें इतिहासकार रशीदुद्दीन सांगतो. पुढें ग्युयुक पश्चिमेकडे निघाला, तेव्हां तो चुलतभाऊ बातू याच्यावर चालून येत आहे, अशी गुप्त सूचना बातूला पाठविली ती सोर्घगतानीनेंच. ग्युयुक वाटेंतच मेला. मग तिनें मंगूला बातूच्या भेटीस धाडून त्याचा पाठिंबा मिळविला, इतर राजपुत्रांची मनधरणी केली, आणि ओगोताईच्या वंशांतील पुष्कळ राजपुत्र दूर राहिले असतांही कुरुलताई भरवून मुलाला गादीवर बसविलें.

आतां तोरेगेनेचा अपराध पाहा. ओगोताईनें आपला नातू शिरेमुन याला वारस नेमलें होतें. तिनें निवडणूक लांबविली, देणग्या देऊन राजपुत्र वळविले, आणि स्वतःच्या मुलाला, ग्युयुकला, गादीवर बसविलें. दोघींच्या कृतींत आम्हांला तरी फरक दिसत नाहीं. मग एकीला कारस्थानी म्हणावयाचें आणि दुसरीला दूरदर्शी, हा न्याय कोणता? फरक आहे तो एवढाच कीं तोरेगेनेचा मुलगा दोन वर्षांत मेला, आणि सोर्घगतानीचे वंशज पिढ्यान् पिढ्या राज्य करीत राहिले.

हरलेल्या पक्षाची गत भयंकर झाली. ओगुल कायमिशची चौकशी झाली ती सोर्घगतानीच्याच छावणींत. आणि तिला नमद्यांत गुंडाळून नदींत बुडविण्यांत आलें. १२५४ सालीं विल्यम रुब्रुक हा ख्रिस्ती साधु मंगूच्या दरबारीं होता. ओगुल कायमिश चेटकीण होती व तिनें आपल्याच कुळाचा नाश केला, असें खुद्द मंगूनें त्याला ऐकविलें. ज्यानें मारलें त्यानेंच दिलेला हा दाखला आम्ही इतिहास म्हणून वाचीत आलों!

ज्या ग्रंथांवरून आपण हा इतिहास लिहितों ते कोणाचे? जुवैनी हा हुलागूचा नोकर, बगदादचा कारभारी. रशीदुद्दीन हा हुलागूचा पणतू गाझान याचा वजीर. चीनमधील 'युआन-शी' १३७० सालीं मिंग अमदानींत पुरा झाला, तरी त्याचा आधार कुबलाईच्या घराण्याचीं दफ्तरें. म्हणजे तिन्ही ग्रंथांचीं मुळें सोर्घगतानीच्या वंशजांच्या दरबारांत आहेत. म्हणून ते खोटे ठरत नाहींत. उलट त्या शपथेसारखी मालकाला अडचणीची गोष्ट रशीदुद्दीन सांगतो, तेव्हां त्याचें वजन वाढतें. पण पराभूत राण्यांच्या निंदेला मात्र दुसऱ्या साक्षीवांचून मान डोलावूं नये.

तोरेगेनेचा कारभार निर्दोष होता असें आमचें म्हणणें नाहीं. तिनें जुने मंत्री दूर केले. उत्तर चीनच्या रयतेला पिळणाऱ्या अब्दुर्रहमानाला वर चढविलें. परंतु त्याच माणसाला कराचा मक्ता प्रथम मिळाला तो ओगोताईच्या हयातींत, हें आमचे वक्ते विसरतात. आणि कार्पिनी हा पोपचा वकील १२४६ सालीं तेथें पोंचला, तेव्हां नजराणे व खंडणी घेऊन आलेले चार हजारांवर वकील जमल्याचें तो लिहितो. तिच्या सुमारें पांच वर्षांच्या कारभारानंतरचें हें दृश्य आहे. बुडत्या राज्याच्या दारीं एवढी गर्दी होते काय?

उलट बाजू पाहा. सोर्घगतानी १२५२ सालीं वारली. मंगू १२५९ सालीं चीनच्या स्वारींत मेला. लगेच १२६० पासून १२६४ पर्यंत कुबलाई आणि अरिक बुका हे सख्खे भाऊ गादीसाठीं लढले, आणि साम्राज्याची एकी जी मोडली ती पुन्हा पूर्ववत् झाली नाहीं. त्या वेळीं गादीवर कोणती बाई होती? पण पुरुषांच्या हातीं राज्य गेलें कीं वाटोळें होतें, असा सिद्धान्त कोणी काढला नाहीं. काढला असता तर टाळ्याही पडल्या नसत्या.

हा वाद सातशें वर्षांपूर्वीच्या गवताळ प्रदेशापुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. बाईनें बुद्धि मुलासाठीं खर्च केली तर ती माता, आणि स्वतःच्या नांवानें कारभार केला तर ती कैदाशीण, हें माप आपण आपल्या मुलामुलींच्या हातीं इतिहासाच्या नांवाखालीं देतों. पुढील वर्षीं मंगू खानाचा पाठ येईल तेव्हां आम्ही प्रथम हे ग्रंथ कोणाच्या दरबारीं लिहिले गेले तें सांगूं, आणि तिन्ही स्त्रियांना एकाच तराजूंत घालूं. मागच्या विद्यार्थ्यांना चुकीचें सांगितलें, त्याची भरपाई यापलीकडे करतां येत नाहीं.