तबकड्यांचे युद्ध आणि जिल्ह्याची स्मृती

सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुद्रणाच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्या आणि मिनी डीव्ही फिती यांचे उत्पादन थांबवले. बातमी जपानची असली, तरी तिचा धागा अहिल्यानगर जिल्ह्यातील घरोघरच्या कपाटांपर्यंत पोचतो. गेल्या चार दशकांत या जिल्ह्यातील लग्ने, यात्रा, कीर्तने आणि तमाशाचे फड प्रथम व्हीएचएस फितींवर, मग मिनी डीव्हीवर आणि नंतर तबकड्यांवर मुद्रित होत आले. त्यांपैकी किती चित्रण आज प्रत्यक्ष पाहता येईल, हा प्रश्न आता टाळण्याजोगा उरलेला नाही.

या प्रश्नाचे मूळ कंपन्यांच्या स्पर्धेत आहे. अतिस्पष्ट चित्र देणाऱ्या तबकडीसाठी २००६ मध्ये दोन गट समोरासमोर ठाकले. तोशिबाची एचडी डीव्हीडी मार्चअखेर जपानमध्ये विक्रीला आली. सोनीच्या गटाची ब्लू-रे जूनमध्ये अमेरिकेत. निळसर जांभळ्या लेसर किरणाचे तंत्र दोघांचेही एकच. पण एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात चालू नये, अशी व्यवस्था होती. एका थरावर ब्लू-रेत २५ गिगाबाइट मावत, एचडी डीव्हीडीत १५. तथापि निकाल केवळ या आकड्यांनी लागला नाही. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या चित्रपट कंपनीने आपले पारडे ब्लू-रेकडे झुकवले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रे खाली ठेवली. पराभूत कंपनी दुसऱ्या धंद्याकडे वळू शकली. तिची यंत्रे विकत घेणारा ग्राहक मात्र वाऱ्यावर पडला. विजयाचे सुखही अल्पजीवी ठरले. जिंकलेल्या सोनीनेच सतरा वर्षांनी कोऱ्या तबकड्यांचा आपला कारखाना आवरता घेतला.

स्पर्धेमुळे माल स्वस्त होतो, असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. डीव्हीडीच्या जन्मापूर्वीही असेच दोन गट होते. १९९५ मध्ये त्यांनी तडजोड करून एकच प्रमाण स्वीकारले. प्रमाण एक ठरल्यामुळेच पुढे किमतीची खरी स्पर्धा शक्य झाली. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ मध्ये चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा ग्राहकाला ती आपल्या यंत्रात चालेल की नाही याची चिंता करावी लागली नाही. तात्पर्य, एका प्रमाणाच्या आत चाललेली स्पर्धा ग्राहकाला तारते. दोन प्रमाणांमधील स्पर्धा त्याला वेठीस धरते.

नगरकरांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तो ब्रॉडगेज. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा मार्ग मात्र मीटरगेज. रुळांमधील अंतर निराळे म्हणून मनमाडला उतारूंनी गाडी बदलायची आणि माल एका वाघिणीतून दुसरीत भरायचा, हा द्राविडी प्राणायाम १९९० च्या दशकापर्यंत चालला. तेथे निदान हमाल लावून माल हलवता येत होता. वाचणारे यंत्रच नाहीसे झाल्यावर तबकडीतील चित्र कोणता हमाल हलवणार?

नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातील मोडी कागद शतके उलटली तरी लिपी शिकलेल्या कोणालाही वाचता येतात. त्यासाठी कोणा कंपनीची मेहेरबानी लागत नाही. याउलट, पंचवीस वर्षांपूर्वीचे ग्रामसभेचे चित्रण तबकडी शाबूत असूनही मुके ठरू शकते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जतन केल्याबद्दल पद्मश्री मिळाली. बी नुसते मडक्यात ठेवून टिकत नाही. ते वेळोवेळी पेरून नवे करून घ्यावे लागते, हे शेतकरी जाणतो. मुद्रित चित्राचा न्यायही हाच. जुन्या वाहकावरून नव्या वाहकावर त्याची पेरणी होत राहिली, तरच ते जगते.

ही पेरणी एकेकट्या कुटुंबावर सोडून चालणार नाही. जिल्हा परिषद, वस्तुसंग्रहालय, महाविद्यालये आणि सार्वजनिक वाचनालये यांनी फिती व तबकड्या वाचणारी चालू यंत्रे एका ठिकाणी आणावीत, नागरिकांना माफक दरात चित्रण उतरवून द्यावे आणि मालकाच्या संमतीने त्याची एक प्रत जिल्ह्याच्या संग्रहात ठेवावी. ज्याचा तपशील सर्वांना खुला आहे, अशाच प्रमाणात ती प्रत असावी. एक प्रत नगरला, तर दुसरी अन्यत्र. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक चित्रणाला हीच अट लागू करावी. त्याला लागणारा खर्च अवाढव्य नाही. अवधी मात्र थोडा आहे. जुनी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आणि त्यांना लागणारे सुटे भाग दोन्ही वर्षागणिक विरळ होत आहेत. कंपन्यांची युद्धे पुढेही होत राहतील, कारण तो त्यांचा व्यवसायच आहे. त्या युद्धांत जिल्ह्याच्या स्मृतीचा बळी जाऊ न देणे हे सार्वजनिक संस्थांचे कर्तव्य आहे.